ऊन पाणी आणि बधिर पाय

गेल्या महिन्यात ओपीडी संपत आली होती, तेव्हा पोलादपूरकडचे एक काका आले. आंबेनळी घाटात वर्षानुवर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. मधुमेह सोळा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी, रात्रीचं इन्सुलिन आणि पाच वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला एक स्टेंट. माझे जुने पेशंट. हातात छापील फॉर्म होता.

"डॉक्टर, एवढी सही करा. पोरगा जपानला नेतोय."

पोरगा पुण्यात नोकरीला. त्यानं नऊ दिवसांची सहल ठरवली होती, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर. तो आणि सूनबाई दिवसा गाइडबरोबर भुसभुशीत ताज्या बर्फावर स्की करणार, त्याला तिकडे पावडर स्कीइंग म्हणतात. आई-वडिलांसाठी चहाचा समारंभ, देवळं, जपानी पद्धतीच्या खोलीत मुक्काम आणि रोज संध्याकाळी ओन्सेन, म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नान. फॉर्मवर दोन रकाने होते. बर्फातल्या खेळासाठी तब्येत ठीक आहे का, आणि गरम झऱ्यात उतरायला ठीक आहे का.

काका हसत म्हणाले, "बर्फाच्या रकान्यात काट मारा. त्या वयाचा मी राहिलो नाही. मी आपला गरम पाण्यात बसणार, सवला बसतो तसा. त्यात काय?"

हा लेख लिहायला बसलो ते या "त्यात काय"मुळे. घरातल्या सगळ्यांना बर्फाची धास्ती होती आणि पाण्याची कोणालाच नव्हती. काकांची तब्येत मला माहीत असल्यामुळे मला नेमकं उलटं वाटत होतं. धडधाकट मुलाला बर्फात काय होईल याची काळजी गाइड घेईल. सोळा वर्षांच्या मधुमेहाला कढत पाण्यात काय होईल याची काळजी कोण घेणार?

मी सही केली नाही. त्यांना टेबलावर झोपायला सांगितलं आणि मोजे काढायला लावले.

पायाची तपासणी अगदी साधी असते. नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, मोनोफिलामेंट. तो तळपायावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटनं डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. काका दहापैकी पाच ठिकाणी गप्प राहिले. उजव्या टाचेला भेग होती, तिच्यात बारीक खडी अडकलेली. कधीपासून, ते त्यांना सांगता येईना. काकू शेजारी उभ्या होत्या, त्या एकदम शांत झाल्या.

मधुमेह बरीच वर्षं राहिला, विशेषतः साखर ताब्यात नसली, की नसा खराब होऊ लागतात. सगळ्यात लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. मुंग्या येतात, आग होते, मग काही वर्षांनी काहीच होत नाही. पेशंट म्हणतो, "आता बरंय, आग थांबली." आग थांबलेली नसते, ती कळवणारी तार तुटलेली असते.

गरम पाण्याचं गणित याच तारेवर चालतं. पाणी किती अंशांना किती वेळात कातडी भाजतं, यावर १९४७ साली अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी पायाभूत काम केलं. ते आकडे आजही वापरले जातात. ४४ अंश सेल्सिअसला भाजायला साधारण सहा तास लागतात. ४९ अंशांना दहा मिनिटांच्या आत खोल भाजतं. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. म्हणजे "हाताला सोसतंय" आणि "भाजतंय" यांच्यातलं अंतर मोजक्या अंशांचं आहे. तुमचा माझा पाय ४९ अंशांच्या पाण्यात पडला तर आपण दहा मिनिटं थांबतच नाही, दोन सेकंदांत ओरडून पाय बाहेर काढतो. बधिर पाय ओरडत नाही. तो आत राहतो, आणि त्याच्या मालकाला वाटतं की आज पाणी छान लागतंय.

असा एक पाय मी बघितला आहे. पन्नाशीच्या बाई, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. कोकणातल्या एका कुंडावर कुटुंबासोबत गेल्या होत्या. गुडघे दुखत होते म्हणून पाय सोडून बसल्या, मैत्रिणींशी गप्पा मारत. उठल्या तेव्हा पाय लाल होते. दुसऱ्या दिवशी फोड आले. फोडांवर घरीच हळद आणि कसलंसं मलम लावलं, आठवडा गेला. माझ्याकडे आल्या तेव्हा तीन बोटं काळी पडली होती. मुंबईला पाठवलं, बोटं काढावी लागली, पाय वाचला. त्यांच्याबरोबर त्याच पायरीवर, त्याच पाण्यात बसलेल्या मैत्रिणींना काहीच झालं नव्हतं. त्यांनी मधूनमधून पाय वर घेतले होते. का घेतले, हे त्यांच्याही लक्षात नव्हतं. निरोगी नस हे काम आपल्याला न विचारता करत असते.

आपल्या गावांच्या नावातच ऊन पाणी आहे

आपण कोकणातली माणसं गरम पाण्याला अजून "ऊन पाणी" म्हणतो. गावांची नावं बघा. पालीजवळचं उन्हेरे, दापोली-खेडकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. आणि आपल्या महाडजवळ सावित्रीच्या काठाला सव. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात, सह्याद्रीला समांतर, अशा अठराएक जागा आहेत. त्यांचं तापमान सारखं नाही. काही जागी पाणी जेमतेम अंगाएवढं कोमट, तर उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी उगमाशी ७० अंशांच्या आसपास. "गरम पाण्याचं कुंड" या एकाच नावाखाली आपण या सगळ्यांना बसवतो, ही पहिली गफलत.

हे पाणी गरम का होतं, यावर पेशंट मला पुष्कळ कारणं सांगतात. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे खाली गंधक जळतं. तसं काही नाही. आपल्याकडे ज्वालामुखी धुमसत नाही. आपला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जातं. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं आणि येताना खडकातले क्षार घेऊन येतं. जपानची गोष्ट वेगळी, तिथं पुष्कळ ठिकाणी खाली खरोखरच ज्वालामुखीची उष्णता आहे. त्यामुळे तिथं कुसात्सूसारख्या गावी झऱ्याचं पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट असतं, पीएच दोनच्या आसपास. आपलं तसं नाही.

बर्फाच्या बाबतीत मात्र होक्काइडो आणि आपण चुलतभाऊ आहोत. सैबेरियाकडून हिवाळ्यात येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि डोंगरावर आपटून बर्फ टाकतात. निसेकोला वर्षाला सुमारे १५ मीटर बर्फ पडतो तो त्यामुळे. नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आपल्या घाटावर आपटतो आणि महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस ओततो. कारखाना तोच, माल वेगळा. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते चांगलंच पटलं. आंबेनळीत जुलै महिन्यात गाडी चालवलेल्या माणसाला वारा डोंगरावर कसा आपटतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जपानी माणूस पाण्याला भितो

ओन्सेन म्हटलं की आपल्याला फोटो दिसतात. बर्फ पडतोय, वाफ येतेय, डोक्यावर घडी केलेला छोटा टॉवेल ठेवून माणसं निवांत बसलेली. त्या फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे भिंतीवरचा तक्ता. जपानमध्ये १९४८ पासून झऱ्यांचा स्वतंत्र कायदा आहे. झऱ्याचं पाणी उगमाशी २५ अंश तरी असलं पाहिजे किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला पाहिजे, तरच त्याला ओन्सेन म्हणता येतं. पाण्यात काय आहे, कोणत्या आजारात उतरू नये, उतरताना काय काळजी घ्यावी, हे लोकांना दिसेल अशा जागी लावावं लागतं. पाण्याची तपासणी दर दहा वर्षांनी नव्यानं करावी लागते. आणि ही यादी दगडावरची रेघ नाही. गरोदर बायकांनी उतरू नये असं अनेक वर्षं त्यात लिहिलेलं होतं. त्याला भक्कम पुरावा नाही म्हणून २०१४ साली ते काढून टाकलं. पुराव्यानुसार नियम बदलणं मला फार आवडतं. (तरीही पहिल्या तीन महिन्यांत फार गरम पाण्यात बराच वेळ बसू नका, असं मी माझ्या पेशंटना सांगतोच. अंगाचं तापमान चढणं त्या काळात बाळाला चांगलं नाही.)

इतकं करूनही जपानी लोक पाण्याला भितात, आणि त्यांना भ्यायचं कारण आहे. तिथं ६५ वर्षांवरची चार हजारांहून जास्त माणसं दरवर्षी घरच्या आंघोळीच्या टबात बुडून मरतात. वाहन अपघातात मरणाऱ्या त्या वयाच्या माणसांपेक्षा हा आकडा मोठा आहे. बहुतेक मृत्यू हिवाळ्यातले. थंड खोलीत कपडे काढले की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. मग कढत पाण्यात बसलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब घसरतो. चटकन उभं राहिलं की मेंदूला रक्त कमी पडतं, घेरी येते, आणि माणूस पाण्यातच कोसळतो. म्हणून तिथलं ग्राहक खातं सांगतं की पाणी ४१ अंशांपर्यंतच ठेवा, दहा मिनिटांत बाहेर या, एकदम उठू नका, जेवल्यावर किंवा दारू प्यायल्यावर लगेच उतरू नका.

आता यात आपल्या काकांना बसवा. रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्या सैल करते, गरम पाणीही तेच करतं. दोन्ही मिळून किती सैल होतील? प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असली तर तिसरा भिडू. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली तर चौथा. इन्सुलिनचं तर वेगळंच. इंजेक्शन घेऊन लगेच गरम पाण्यात बसलं की कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन ठरल्यापेक्षा लवकर रक्तात उतरतं. साखर एकदम खाली येते. घाम, धडधड, गरगरणं. पण गरम पाण्यात बसलेल्या माणसाला घाम आणि धडधड यांचं काय नवल वाटणार? तो म्हणणार, पाण्यामुळे होतंय. वर कोणी प्रेमानं साकेचा पेला पुढे केला असेल तर बोलायलाच नको.

दहा मिनिटांत बाहेर यायची सवय आपल्याकडे नाही. आपण कुंडावर जातो ते डबा घेऊन, अर्धा दिवस काढायला.

कुंड काय करतं, काय करत नाही

मी कुंडांच्या विरोधात आहे, असा समज होऊ नये. थंडीच्या सकाळी ऊन पाण्यात बसण्यासारखं सुख नाही, आणि ते फुकट आहे. गुडघ्यांच्या झिजेत गरम पाण्याच्या स्नानानं दुखणं काही काळ कमी होतं, असं सांगणारे अभ्यास आहेत. ते फार भक्कम नाहीत, पण अनुभवाशी जुळतात. स्नायू सैल होतात, पाण्यात वजन हलकं होतं, सांधे सहज हलतात. झीज मात्र भरून येत नाही. ज्यांचा पाय शाबूत आहे, हृदय ठीक आहे, त्यांनी खुशाल जावं.

त्वचारोगांबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. गजकर्ण, नायटा ही बुरशी आहे. तिला ओल आणि ऊब आवडते, आणि कुंडावर दोन्ही मिळतात. वर एकच टॉवेल चौघांत फिरतो. खरजेवर गंधकाचं मलम चालतं हे खरं, पण ते ठरावीक प्रमाणात बनवलेलं आणि ठरावीक दिवस लावायचं औषध असतं. कुंडाच्या पाण्याला आलेला वास म्हणजे डोस नव्हे. आणि खरजेला घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती घरात फिरत राहते.

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते चट्ट्यांबद्दल. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा, खाज नाही, दुखत नाही, तिथं घाम येत नाही, टोचलं तर नीट कळत नाही. हा चट्टा घेऊन लोक कुंडावर जातात. तो दुखत नाही म्हणून त्यांना घाई नसते. वर्ष निघून जातं. तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या भागात हा रोग संपलेला नाही. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत तो पूर्ण बरा होतो, आणि वेळेवर औषध सुरू केलं तर बोटं, डोळे, पाय शाबूत राहतात. कुंडावर घालवलेलं ते वर्षच नसांना महागात पडतं.

याच आशेनं जपानमध्येही माणसं कुसात्सूला गेली. तिथलं आंबट, कढत पाणी कुष्ठरोगावर चालतं अशी ख्याती होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्या रुग्णांची गावाबाहेर वेगळी वस्ती झाली. १९३२ साली तिथं सरकारी कुष्ठधाम निघालं. पुढे औषध आलं, रोग बरा होऊ लागला, तरी माणसांना वेगळं ठेवणारा कायदा १९९६ सालापर्यंत उठला नाही. पाण्यानं कोणी बरं झालं नाही. १८७६ साली जपानला आलेले जर्मन डॉक्टर बेल्झ यांनी कुसात्सूचं कौतुक केलं, म्हणून ते गाव जगाला कळलं. तिथली पद्धत खरंच बघण्यासारखी आहे. पाणी फार तापलेलं असतं, पण त्यात गार पाणी ओतून ते पातळ करायचं नाही. म्हणून लाकडी फळ्यांनी ते ढवळून निववायचं. मग पूर्वी सगळ्यांनी मिळून, एका जाणत्या माणसाच्या हुकमानं, डोक्यावर पाणी घेऊन उतरायचं, आणि तीन मिनिटांनी त्याच्याच हुकमानं बाहेर यायचं, अशी रीत होती. तीन मिनिटं! कढत पाण्याची ताकद त्यांनी कधी कमी लेखली नाही, हे यातून कळतं.

जंतूंबद्दल थोडक्यात. गरम पाणी आहे म्हणजे ते स्वच्छ आहे, असं नाही. २००२ साली जपानमध्येच ह्युगा शहरातल्या एका नव्या स्नानगृहातून लेजिओनेला या जंतूचा न्यूमोनिया पसरला, सात माणसं गेली. पाणी तेच तेच फिरवलं जात होतं. केरळमध्ये अलीकडे मेंदू खाणाऱ्या अमिबाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. हा आजार फार दुर्मिळ आहे, घाबरून जाऊ नका, पण कुंडात डोकं बुडवू नका आणि पोरांना सूर मारू देऊ नका. पायाला जखम असेल तर उतरू नका. पावसाळ्यात नदी काठावर चढून गेल्यानंतर काही आठवडे तर अजिबात नको. २०२१ च्या जुलैनंतर लेप्टोच्या गोळ्या वाटत आपण गावोगाव फिरलो, ते विसरायला फार दिवस झालेले नाहीत.

पोराच्या बर्फाचं

काकांच्या मुलानंही फोनवर विचारलं, "डॉक्टर, माझं काय?" त्याचं सोपं आहे. निसेकोचा अन्नुपुरी डोंगर १३०८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढाच. उंचीचा त्रास होणार नाही. गुलमर्गला जाणार असता तर वेगळं बोललो असतो, तिथली वरची केबल गाडी ३९०० मीटरच्या वर नेते. पहिल्यांदा स्की करणाऱ्यानं भुसभुशीत बर्फात जायचं नाही, आधी दाबून बसवलेल्या उतारावर शिकायचं. गुडघ्याचे लिगामेंट तुटतात ते दमलेल्या दुपारी, "एक शेवटची फेरी" म्हणताना. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो, त्यात डोकं खाली करून पडलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही, म्हणून जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. आणि हिमकडा कोसळला तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जो बाहेर काढला जातो, तो वाचण्याची शक्यता मोठी असते. मदत बाहेरून यायला वेळ लागतो, त्यामुळे काढायचं असतं ते सोबतच्या माणसांनीच. दरड म्हणजे काय, हे तळीयेनंतर आपल्या भागात कोणाला समजवावं लागत नाही. फरक इतकाच की तिथं माणसं यंत्र, काठी आणि फावडं पाठीवर घेऊनच उतरतात.

विम्याचा कागद वाचा, असंही त्याला सांगितलं. आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग पुष्कळ पॉलिसींत धरत नाहीत, आणि वडिलांचा स्टेंट आणि मधुमेह लपवला तर दावा नाकारला जातो. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवायचं, सामानात टाकायचं नाही. ते गोठलं की निकामी होतं, मग वितळलं तरी उपयोग नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं, ते दहा टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून सहज उचललेली पट्टी तिथं विमानतळावर अडचण करू शकते.

एक फलक

माझं मागणं फार मोठं नाही. आपल्या प्रत्येक कुंडावर एक फलक हवा. आजचं तापमान, ते किती वाजता मोजलं, आणि चार ओळी: मधुमेह असेल तर आधी पाय तपासून घ्या, दहा मिनिटांत बाहेर या, दारू पिऊन उतरू नका, बधिर चट्टा असेल तर दवाखान्यात या. मी बघितलेल्या कुंडांवर देणगीदारांची नावं आहेत, चपला कुठे काढाव्यात ते आहे, अंश मात्र कुठे दिसले नाहीत. थर्मामीटर दोनशे रुपयांत मिळतो. रोज सकाळी तो बुडवून खडूनं आकडा लिहायला कॉलेजातलं एखादं पोरगं पुरे.

कोणी म्हणेल, श्रद्धेची जागा आहे, तिथं डॉक्टरनं कशाला नाक खुपसायचं. पण पाणी सगळ्यांचं आहे, हे १९२७ साली याच महाडात, चवदार तळ्यावर सांगावं लागलं. सगळ्यांचं पाणी म्हटलं की त्यात बधिर पायांची, स्टेंटची, गोळ्या खाणारी माणसंही आली. त्यांना आत जाण्याआधी कळलं पाहिजे की पाणी किती अंशांचं आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्या डॉक्टर मंडळींचाही यात दोष आहे. "फिट" म्हणून सही करायला आम्हाला अर्धा मिनिट लागतो. मोजे काढायला लावून पाय बघायला पाच मिनिटं लागतात. ओपीडीत साठ माणसं बसलेली असताना ती पाच मिनिटं आम्हीच वाचवतो. काकांचा पाय मीही गेल्या वर्षी बघितला नव्हता. जपानचा फॉर्म आला नसता तर याही वर्षी बघितला नसता.

शेवटी काय केलं? टाचेतली खडी काढली, जखम धुतली, तीन आठवडे पट्टी चालली. हृदयाची तपासणी करून घेतली, ती बरी आली. मग फॉर्मवर मी "ठीक आहे" याच्यापुढे जागा होती तिथं बारीक अक्षरात लिहिलं: पाणी ४० अंशांपर्यंत, आठ मिनिटं, सोबत मुलगा, आधी साखर मोजून, जखम असल्यास नाही. पाण्याची परीक्षा काकांनी स्वतः करायची नाही. मधुमेहात हाताच्या नसाही पुढे जातात, त्यामुळे ज्याला मधुमेह नाही अशा माणसानं कोपर बुडवून बघायचं किंवा थर्मामीटर वापरायचा. बर्फात चालताना रोज रात्री बुटात हात घालून खडा, घडी, ओल बघायची. बधिर पायाला थंडीही कळत नाही.

काकांना या सगळ्यापेक्षा दुसरीच काळजी होती. ओन्सेनमध्ये कपडे घालून उतरत नाहीत, बायका-पुरुषांची पाणी वेगळी असली तरी. "पोरासमोर?" एवढंच ते म्हणाले आणि काकू पदर तोंडाला लावून हसल्या. त्याला माझ्याकडे औषध नव्हतं. उतरण्याआधी बाहेर साबणानं अंग स्वच्छ धुवायचं असतं आणि मग अंगावर त्याच पाण्याचे दोन-चार तांबे घेऊन हळूहळू आत जायचं असतं, एवढं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "ते आमची आजीपण सांगायची. एकदम उतरू नका, आधी अंगावर घ्या."

परवा फोन आला. जायला अजून पंधरा दिवस आहेत, पण काकांनी थर्मामीटर घेतलाय आणि सरावाला म्हणून सवला जाऊन आले. पाय बाहेर ठेवून काठावर बसले आणि पाणी मोजलं. आकडा मला सांगितला. तो मी इथं मुद्दाम लिहीत नाही. कुंडाप्रमाणे, ऋतूप्रमाणे तो बदलतो, आणि एकदा छापला की लोक तोच धरून बसतील. काका सांगत होते, त्यांच्या हातातलं यंत्र बघून शेजारच्या कुंडावरून दोघं उठून आले आणि म्हणाले, "आमचंपण मोजा की." त्यातल्या एकाला शुगर होती.